ओलं सरपण, ओली खेळपट्टी : हंगामाच्या सुरुवातीवरून काय ओळखावं?



आजच्या विषयाचा फलक वाचून काही जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. गाव मांडवगण फराटा, वक्ता तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक, आणि विषय काय, तर इंग्लंडमधल्या कौंटी क्रिकेट हंगामाचे पहिले दीड-दोन महिने! एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे उसाला पाणी कसं पुरवायचं याची चिंता असते. तिकडे त्याच महिन्यांत कोणी किती धावा काढल्या, याच्याशी आपलं काय देणंघेणं?

देणंघेणं आहे, आणि ते क्रिकेटपेक्षा मोठं आहे. सुरुवात बघून पुढचं ओळखता येतं का, आणि येत असेल तर नेमकं किती, हा आजचा प्रश्न. हा प्रश्न आपण सगळेच रोज सोडवत असतो. मृगाचा पहिला पाऊस झाला, आता पेरायचं की थांबायचं? मुलाला पहिल्या चाचणीत कमी गुण पडले, गणित त्याच्या आवाक्यातलं नाही असं समजायचं का? तालुक्याला निवड चाचणीला गेलेल्या मुलीला सहा चेंडू टाकायला मिळाले, त्यातले दोन वाइड गेले. तिचं नाव खोडायचं का?

आपल्या भाषेने यावर दोन उत्तरं तयार ठेवली आहेत. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, हे एक. शितावरून भाताची परीक्षा, हे दुसरं. दोन्ही म्हणी खोट्या नाहीत. पण दुसरीकडे नीट बघा. एक शीत दाबून सगळ्या भाताचं का कळतं? कारण पातेल्यातला भात वरपासून खालपर्यंत सारखा शिजलेला असतो, असं आपण धरून चाललेलो असतो. खालचा करपला आणि वरचा कच्चा, अशी अवस्था असेल तर एका शिताचा काही उपयोग नाही. म्हणजे म्हणीच्या पोटात एक अट लपलेली आहे. आज आपल्याला ही लपलेली अट शोधायची आहे.

कौंटीच का?

कारण तिथे सगळं लिहून ठेवलेलं असतं. कौंटी अजिंक्यपद स्पर्धा १८९० पासून अधिकृतपणे चालू आहे. आज त्यात अठरा कौंट्या आहेत, आणि प्रत्येक डावाची नोंद मिळते. शिवाय एकाच हंगामात परिस्थिती इतकी बदलते, की विचार करणाऱ्या माणसाला ती आयती प्रयोगशाळाच वाटावी.

हंगाम सुरू होतो एप्रिलमध्ये. तेव्हा तिकडे अंगात दोन-दोन स्वेटर असतात आणि क्षेत्ररक्षक खिशात हात घालून ऊब घेत असतात. हवा गार, ऊन कोवळं. जमिनीतली ओल लवकर सुकत नाही, खेळपट्टीवर गवताचा हिरवा थर असतो. त्यात तिथला ड्यूक्स चेंडू. त्याची शिवण हाताने घातलेली, ठसठशीत उभी, आणि बराच वेळ तशीच टिकणारी. असा चेंडू ओलसर, गवताळ खेळपट्टीवर शिवणीवर पडला, की तो कुठल्या बाजूला वळेल हे कधी कधी टाकणाऱ्यालाही सांगता येत नाही. मध्यमगती गोलंदाजांची तेव्हा दिवाळी असते आणि सलामीच्या फलंदाजांचा शिमगा.

मग जुलै-ऑगस्ट येतो. ऊन तापतं, खेळपट्टी कोरडी होते, गवत जातं. एप्रिलमध्ये ज्याला हात लावणं कठीण होतं, त्याच गोलंदाजाला फलंदाज पुढे येऊन मारू लागतात. फिरकी गोलंदाज, जे एप्रिलमध्ये शाल पांघरून बसले होते, ते कामाला लागतात.

म्हणजे पातेलं तेच आहे, भात तोच आहे, पण वरचा थर वेगळा आणि खालचा वेगळा. एप्रिलचं शीत दाबून ऑगस्टचा भात ओळखायचा, हे काम अवघड आहे. तरीही दर वर्षी मे महिना उजाडला की वर्तमानपत्रं, समालोचक, निवड समितीतले लोक, सगळे ते करतातच. त्यात माणसाच्या हातून तीन प्रकारच्या गफलती होतात. त्यांना नावं द्यायला आम्ही आपल्या न्यायशास्त्राची मदत घेणार आहोत. घाबरू नका, त्यात चुलीपलीकडचं काही नाही.

धूर आणि आग

न्यायशास्त्रातलं अनुमानाचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आपल्याला ठाऊक असेल. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग असली पाहिजे. हे का पटतं? कारण जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, हे आपण स्वयंपाकघरापासून बघत आलो आहोत. या पक्क्या सोबतीला नैयायिक व्याप्ती म्हणतात.

आता हेच उलटं करून बघा. डोंगरावर आग आहे, म्हणून तिथे धूर असलाच पाहिजे. हे बरोबर आहे का? नाही. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालबुंद लोखंडाचा गोळा घ्या. त्यात आग आहे, धूर नाही. मग आगीतून धूर कधी निघतो? सरपण ओलं असेल तेव्हा. म्हणजे 'आग आहे म्हणून धूर' या वाक्यात 'सरपण ओलं असेल तर' ही अट लपलेली आहे. अशा लपलेल्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाने नवशिक्यांसाठी 'तर्कसंग्रह' लिहिला, त्यातही ओल्या सरपणाचं हे उदाहरण आहे. म्हणजे हा तर्काचा पहिल्या पायरीचा धडा आहे. आणि आपण गडबडतो तेही बहुधा पहिल्या पायरीवरच.

खेळात अंगचा गुण म्हणजे आग. धावा आणि बळी म्हणजे धूर. खेळपट्टी, हवा आणि चेंडू म्हणजे सरपण. एवढं पक्कं धरून पुढे जाऊ.

पहिली गफलत : धुक्याला धूर समजणं

पहाटे भीमेच्या काठावर धुकं उठतं. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, कुणाचं गुऱ्हाळ पेटलंय. तिथे आगही नसते आणि धूरही नसतो. सुरुवातीच्या आकड्यांत असं धुकं फार असतं.

एक हिशेब करू. समजा, अठरा कौंट्यांतले प्रत्येकी सहा प्रमुख फलंदाज, म्हणजे एकूण १०८ फलंदाज, अगदी सारख्याच ताकदीचे आहेत. कोणी कणभर सरस नाही, कणभर कमी नाही. प्रत्येक जण सरासरी पाच डावांत एकदा पन्नाशी गाठतो. आता हंगामाचे पहिले चार डाव झाले. या चार डावांत निदान तीनदा पन्नाशी गाठणारे किती निघतील? संभाव्यतेचं गणित केलं तर एका फलंदाजाच्या बाबतीत ही शक्यता पावणेतीन टक्क्यांच्या आसपास येते. फार कमी वाटते ना? पण फलंदाज १०८ आहेत. म्हणजे दर वर्षी साधारण तीन जण असे निघणारच. आणि चारही डावांत एकदाही पन्नाशी न गाठणारे? सुमारे ४४.

आता वर्तमानपत्र डोळ्यांपुढे आणा. तिघांचे फोटो छापून येतील. कोणी लिहील की हिवाळ्यात याने पवित्रा बदलला, कोणी लिहील की लग्न मानवलं. ४४ जणांपैकी एखाद्याला सांगितलं जाईल की बाबा रे, तुझे दिवस भरले. आणि आपण तर मुळातच ठरवलं होतं की सगळे सारखे आहेत! कारणं सगळी खरी वाटतात, पण ती कारणं धुक्याला चिकटवलेली आहेत.

इंग्लंडच्याच फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये या गोष्टीची दुसरी बाजू दाखवली. ते आईवडिलांची आणि मुलांची उंची मोजत होते. फार उंच आईवडिलांची मुलं उंच असतात, पण बहुधा आईवडिलांइतकी नाही. फार बुटक्यांची मुलंही बुटकी, पण तितकी नाही. टोकाच्या गोष्टीनंतर येणारी गोष्ट सरासरीकडे सरकलेली असते. मेमध्ये शिखरावर असलेला फलंदाज जुलैत जरा खाली आला, की आपण म्हणतो याच्या डोक्यात हवा गेली. त्याच्या डोक्यात काही गेलेलं नसतं. मेमधल्या आकड्यात नशिबाचा जो वाटा होता, तेवढा गळून पडलेला असतो.

शेजारच्या जिल्ह्यातले दोघे

आता खरी माणसं घेऊ. आपल्या शिरूर तालुक्यातून घोड नदी ओलांडली की अहिल्यानगर जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यात जन्मलेले दोन खेळाडू कौंटी क्रिकेट खेळले आणि दोघांनीही पहिल्याच सामन्यात धूर काढला. झहीर खान श्रीरामपूरचा. अजिंक्य रहाणे संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा.

झहीरची गोष्ट २००६ ची. त्या वर्षाच्या सुरुवातीला पाकिस्तान दौऱ्यानंतर तो भारताच्या कसोटी संघाबाहेर गेला होता. वय सत्तावीस. नवे वेगवान गोलंदाज पुढे आले होते, आणि झहीरचं पर्व संपलं असं मानणारे कमी नव्हते. तो वूस्टरशायरकडे गेला. हंगामाच्या सुरुवातीलाच सॉमरसेटविरुद्ध पहिल्या सामन्यात त्याने दोन्ही डावांत मिळून दहा बळी घेतले. त्या कौंटीकडून पदार्पणात दहा बळी घेणारा गोलंदाज शंभराहून अधिक वर्षांत झाला नव्हता. गंमत म्हणजे तो सामना वूस्टरशायर हरलं!

रहाणेची गोष्ट मे २०१९ ची. विश्वचषकाच्या संघात जागा मिळाली नाही, म्हणून तो हॅम्पशायरकडे गेला. आइल ऑफ वाइट बेटावरच्या न्यूपोर्टला नॉटिंगहॅमशायरविरुद्ध पहिला सामना. पहिल्या डावात १० आणि दुसऱ्यात ११९. पदार्पणात शतक.

त्या त्या दिवशी दोघांकडे पाहणाऱ्याला फरक काय दिसला असता? काहीच नाही. दोघेही भारतीय संघात पुन्हा घट्ट पाय रोवू पाहणारे, दोघांचीही सुरुवात लखलखीत. आणि पुढे काय झालं?

झहीरने तो हंगाम संपेपर्यंत ७८ बळी घेतले. जूनमध्ये एसेक्सविरुद्ध एका डावात पडलेले पहिले नऊच्या नऊ बळी त्याचे होते. शेवटच्या फलंदाजाचा झेल यष्टिरक्षकाच्या हातून सुटला, नाहीतर डावात दहा बळींचा त्या कौंटीच्या इतिहासातला पहिला पराक्रम त्याच्या नावावर लागला असता. वूस्टरशायर त्या वर्षी वरच्या गटात गेलं. रहाणेने मात्र सात सामन्यांत मिळून ३०७ धावा केल्या, सरासरी २३.६१. पहिल्या सामन्यातल्या १२९ वजा करा. उरलेल्या सहा सामन्यांत १७८.

म्हणजे सुरुवात सारखी आणि शेवट दोन टोकांना. कोणी म्हणेल, झालं तर मग! झहीरचा धूर खरा, रहाणेचं धुकं. थांबा. ऑगस्ट २०१९ मध्ये अँटिग्वाच्या कसोटीत रहाणेने वेस्ट इंडिजविरुद्ध ८१ आणि १०२ धावा केल्या आणि सामनावीर ठरला. त्याच्या मागच्या कसोटी शतकाला तेव्हा दोन वर्षं उलटली होती. कौंटीच्या सरासरीवर विसंबून त्याला बाहेर बसवलं असतं, तर ते शतक झालंच नसतं. हे लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

दुसरी गफलत : सरपणाचा विसर

आता २०२४ च्या एप्रिलची गोष्ट. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने ठरवलं, की अजिंक्यपदाच्या पहिल्या दोन फेऱ्या ड्यूक्सऐवजी कुकाबुरा चेंडूने खेळायच्या. ऑस्ट्रेलियातला हा चेंडू. त्याची शिवण लवकर बसते आणि मग तो फारसा वळत नाही. पहिल्याच फेरीत लॉर्ड्सवर ग्लॅमॉर्गनच्या सॅम नॉर्थईस्टने मिडलसेक्सविरुद्ध नाबाद ३३५ धावा केल्या. त्या मैदानावरची ती सर्वोच्च धावसंख्या. आधीचा विक्रम ग्रॅहम गूच यांच्या ३३३ धावांचा, १९९० मधला, तोही भारताविरुद्ध आणि तोही जुलैच्या उन्हातला.

महिना तोच, थंडी तीच, गवत तेच, फलंदाजही तेच. फक्त चेंडूची शिवण बदलली, आणि एप्रिल हा गोलंदाजांचा महिना ही पक्की समजूत डळमळली. नॉर्थईस्टचं कर्तृत्व यात कमी होत नाही. तोच चेंडू बाकीच्यांनाही होता आणि ३३५ त्याने एकट्यानेच केल्या. पण त्या वर्षीचा एप्रिल आणि आधीचे एप्रिल शेजारी मांडून तुलना करणारा माणूस ओल्या आणि कोरड्या सरपणाचा धूर एकाच मापाने मोजत असतो.

सरपणाचं आणखी एक उदाहरण ग्रॅम हिकचं. मे संपण्याआधी हंगामातल्या हजार धावा पूर्ण करणं हा इंग्लिश क्रिकेटमधला जुना मानाचा टप्पा. डब्ल्यू. जी. ग्रेस यांनी १८९५ मध्ये वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी एकट्या मे महिन्यात हजार धावा केल्या होत्या. ब्रॅडमन यांनी ही गोष्ट दोन वेगवेगळ्या दौऱ्यांत केली, १९३० आणि १९३८ मध्ये. १९८८ मध्ये हिकने ती केली, आणि त्यात टाँटनचा नाबाद ४०५ धावांचा डाव होता. झिंबाब्वेत जन्मलेल्या हिकला इंग्लंडकडून खेळायला १९९१ उजाडावं लागलं. तोवर सगळं इंग्लंड नव्या ब्रॅडमनची वाट बघत होतं. प्रथम श्रेणीत पुढे त्याने १३६ शतकं आणि एकेचाळीस हजारांवर धावा केल्या. कसोटीतली सरासरी राहिली ३१.

हिकमध्ये आग नव्हती असं म्हणण्याची कोणाची छाती आहे? १३६ शतकं धुक्यातून होत नाहीत. पण कौंटीतलं सरपण वेगळं आणि अँब्रोज, वॉल्श, वकार यांच्यासमोरचं सरपण वेगळं. एका ठिकाणचा धूर बघून दुसऱ्या ठिकाणचा धूर गृहीत धरला, आणि तो दिसला नाही तेव्हा दोष आगीला दिला.

उलट झहीर बघा. कौंटीत रोज रोज गोलंदाजी करताना त्याने आपली धाव आखडली, उडी कमी केली, मनगट आणि शिवण यांवर भर दिला. २००७ मध्ये ट्रेंट ब्रिजच्या कसोटीत त्याने नऊ बळी घेतले आणि भारताने इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. त्यावर शंकेखोर म्हणेल, तिथलं सरपण ओलंच होतं. बरोबर आहे. म्हणून खरा पुरावा २०११ च्या विश्वचषकाचा. भारतीय उपखंडातल्या कोरड्या खेळपट्ट्या, वेगवान गोलंदाजाला आधार कमी, आणि झहीरचे २१ बळी. स्पर्धेत सर्वाधिक बळी घेणाऱ्यांत तो शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने पहिला. सरपण बदललं तरी धूर येत राहिला, तेव्हा आगीबद्दल खात्रीने बोलता येतं. आधी नाही.

तिसरी गफलत : धूर नाही म्हणून आग नाही

पहिल्या दोन गफलतींनी माणसाचं फार तर हसं होतं. तिसरी गफलत माणसं गमावते.

लोहाराचा लाल गोळा आठवा. आग आहे, पण धूर नाही. नैयायिकांचा नियम एकाच दिशेने चालतो. धूर बघून आग म्हणता येते, धूर नाही म्हणून आग नाही असं म्हणता येत नाही. हे तर्कशास्त्राच्या वर्गात सगळ्यांना पटतं आणि निवड समितीच्या खोलीत शिरताना सगळे विसरतात.

१९४६ चा मे महिना घ्या. महायुद्ध संपून नुकती कुठे घडी बसत होती. इंग्लंडमध्ये सहा उन्हाळ्यांच्या खंडानंतरचा पहिला पूर्ण हंगाम. भारताचा संघ दौऱ्यावर होता आणि ओव्हलवर सरे कौंटीविरुद्ध सामना होता. भारताचे २०५ धावांत नऊ गडी बाद झाले. खेळपट्टीवर दहाव्या क्रमांकाचे चंदू सरवटे, सागरला जन्मलेले आपले मराठी माणूस, आणि शेवटचे फलंदाज शुटे बॅनर्जी. आता दहा मिनिटांत आटपेल, असं सगळ्यांनी धरलं असणार. या दोघांनी २४९ धावांची भागीदारी केली. सरवटे नाबाद १२४, बॅनर्जी १२१. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजांनी एकाच डावात शतकं ठोकल्याचं प्रथम श्रेणी क्रिकेटमधलं हे एकमेव उदाहरण. दुसऱ्या डावात सरवट्यांनी पाच बळीही घेतले आणि भारताने सामना जिंकला.

आम्हाला या गोष्टीत भागीदारीपेक्षा तो क्रमांक महत्त्वाचा वाटतो. दहावा! सरवटे फलंदाजी जाणत नव्हते असं नाही. होळकर संघाकडून त्यांनी पुढे द्विशतक केलं. कारकिर्दीत सात हजारांहून जास्त धावा आणि पाचशेच्या जवळपास बळी. पण संघात नावाजलेले फलंदाज भरपूर, त्यामुळे त्या दिवशी त्यांच्या नावापुढे दहा हा आकडा पडला. नऊ गडी लवकर बाद झाले म्हणून त्यांना खेळायला मिळालं. वरच्या फळीने चारशे धावा केल्या असत्या, तर सरवटे तंबूत बसून राहिले असते आणि दहाव्या क्रमांकाचा माणूस शतक करू शकतो हे कोणाला कळलंही नसतं.

आणि हेही सांगितलं पाहिजे, की पुढे नऊ कसोटींत सरवट्यांच्या धावा झाल्या २०८, सरासरी १३, बळी तीन. कसोटीतला आकडा बघणारा म्हणेल, सामान्य. होळकरचा आकडा बघणारा म्हणेल, संघाचा आधारस्तंभ. माणूस एकच. धूर सरपणाप्रमाणे कमीजास्त. पुढे सरवटे स्वतः राष्ट्रीय निवड समितीवर बसले, म्हणजे इतरांच्या नावापुढे आकडे मांडायचं काम त्यांच्याकडे आलं.

दिसणारी चूक आणि न दिसणारी चूक

कोणी विचारेल, मग सर, निवड करायचीच नाही का? सगळ्यांना सगळं द्यायचं? जागा अकरा आहेत आणि मुलं शंभर. निवड तर करावीच लागणार, आणि बहुतेक वेळा सुरुवात बघूनच.

बरोबर आहे. पण निवडीत दोन प्रकारच्या चुका होतात, आणि त्या सारख्या नाहीत. धुक्याला धूर समजून चुकीचा मुलगा घेतला, तर काय होतं? तो पुढचे चार सामने खेळतो, चूक सगळ्यांना दिसते, सुधारता येते. आता दुसरी चूक. आग असलेल्या मुलीला धूर दिसला नाही म्हणून वगळलं. ती घरी गेली, चार दिवस रडली, अभ्यासाला लागली. तिने पुढे काय केलं असतं हे कधीच समोर येत नाही. निवडणाऱ्याला वाटतं, आपला निर्णय बरोबरच होता. बघा ना, तिचं नाव पुन्हा कुठे ऐकलं का? नाव ऐकू येण्याचा रस्ताच आपण बंद केलेला असतो, आणि त्याच शांततेला आपण पुरावा म्हणतो. रहाणेचं अँटिग्वाचं शतक आणि २००६ नंतरचा झहीर आपल्याला दिसले, कारण त्यांना परत यायला दार उघडं होतं. दोघेही आधी भारताकडून खेळलेले, नाव असलेले. आपल्या वाड्या-वस्त्यांवरच्या मुलांना ते दार नसतं.

म्हणून आम्ही असं म्हणू, की जी चूक दिसते ती माणसं आपोआप सुधारतात. जी चूक दिसत नाही, तिच्यासाठी नियमच करावा लागतो.

नियम कसा असावा, हे शेतकऱ्याकडून शिकता येईल. आपला भाग पर्जन्यछायेचा. पहिल्या सरीला भुलून पेरलं आणि मग पावसाने ओढ दिली, की दुबार पेरणीचं संकट येतं. म्हणून कृषी खातं दर वर्षी सांगतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. यामागचं शहाणपण बघा. पाऊस किती जोरात पडला, किती गडगडला, हे ते विचारत नाहीत. ओल किती खोल गेली, हे विचारतात. अनुभवी शेतकरी तर मूठभर माती उचलून वाफसा आला का ते बघतो. तो आकाशाकडे कमी आणि मातीकडे जास्त बघतो.

मुलांच्या बाबतीत हेच करता येईल. पहिली गोष्ट, किती धावा केल्या यापेक्षा कशा केल्या ते बघावं. बाहेर जाणारा चेंडू सोडता येतो का? चुकल्यावर पुढच्या चेंडूला पाय कुठे जातो? या गोष्टीत नशिबाचा वाटा कमी असतो, म्हणून थोड्या चेंडूंतही त्या बऱ्यापैकी कळतात. मातीतली ओल ती हीच. दुसरी गोष्ट, सरपण लिहून ठेवावं. सकाळी दवात गोलंदाजी केली की दुपारी उन्हात? मॅटवर की मातीवर? चाचणीच्या कागदावर गुणांचा रकाना असतो, परिस्थितीचा नसतो. तो असायला हवा. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची. एका चाचणीवरून कोणाला घ्यायचं असेल तर खुशाल घ्यावं, पण एका चाचणीवरून कोणाला कायमचं काढू नये. दुसरी संधी द्यावी, आणि शक्यतो वेगळ्या सरपणावर. सकाळी खेळलेल्याला दुपारी, नव्या चेंडूवर टाकलेल्याला जुन्या चेंडूवर. त्याचा खर्च एका दुपारचा. त्यातून वाचतं ते माणूस.

शाळेतल्या शिक्षकांनाही आमचं हेच सांगणं. पहिल्या चाचणीचे गुण बघून हुशार कोण ते म्हणायचं तर म्हणा, फार बिघडत नाही. मठ्ठ कोण ते मात्र म्हणू नका. पहिल्या वाक्याला थोडा का होईना तर्काचा आधार आहे. दुसऱ्याला काहीही नाही.

हे सगळं आम्ही क्रिकेटच्या आकड्यांतून सांगितलं, कारण तिथे प्रत्येक चेंडूची नोंद असते आणि चूक झाली तर शंभर वर्षांनीही पकडता येते. शेतात, शाळेत, घरात अशी नोंद नसते. तिथे आपला शब्दच नोंद असतो, आणि एकदा शब्द गेला की मूल तो घेऊन पुढे चालतं. त्यामुळे सुरुवात बघून बोलताना थोडं थांबावं, आणि स्वतःला विचारावं, हा धूर आहे की धुकं? सरपण कसलं होतं? आणि आग असलीच, तर ती दिसायला आपण जागा ठेवली होती का?